आमच्या नणंदबाईंचा पोपट

मराठी भाषेची काळजी वाहायला सरकार आहे, विद्यापीठं आहेत, परिसंवाद आणि सत्कार तर बारा महिने चालूच असतात. पण डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांपुरतं बोलायचं तर ही जबाबदारी माझ्या थोरल्या नणंदबाईंनी एकटीनं अंगावर घेतली आणि आजतागायत दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवलेली नाही. मी लग्न होऊन चिखल्याच्या या घरात आले तेव्हा माप ओलांडण्याआधी रीतीप्रमाणे उखाणा घेतला. ‘महादेवाच्या पिंडीला बेल वाहते वाकून’ अशी त्याची सुरुवात होती. जमलेल्या बायका ‘वा वा’ म्हणायच्या बेतात असताना मागून खणखणीत आवाज आला, ‘‘पिंडीला नव्हे, पिंडीवर. पुन्हा म्हणा.’’ मी पुन्हा म्हटला. नवऱ्याचं नाव मी त्या दिवशी दोनदा घेतलं ते प्रेमापोटी नव्हे, विभक्ती चुकली म्हणून. तो आवाज ताईंचा. उंच, ताठ, कडक इस्त्रीची सुती साडी, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा, आणि चेहऱ्यावर असा भाव, की जगात कुठंतरी या क्षणी कुणीतरी ऱ्हस्व-दीर्घाची चूक करतो आहे आणि आपल्याला तिथं पोचायला उशीर होतो आहे.

ताई शिक्षिका. झरीच्या पुढं एका पाड्यावरच्या शाळेत त्यांनी जवळजवळ सगळी नोकरी काढली, शेवटी तिथंच मुख्याध्यापिका झाल्या. रोज सकाळी चिकूच्या वाडीतून त्यांची स्कूटर बाहेर पडली, की रस्त्यावरच्या पाट्या जीव मुठीत धरून उभ्या राहत. डिकीत हेल्मेटच्या शेजारी पांढऱ्या रंगाचा लहान डबा आणि ब्रश कायमचा मुक्कामाला. चारोटी नाक्यावर एका खानावळीबाहेर फळा होता : ‘येथे गरम भजी मीळतिल’. आम्ही सगळे वापीहून लग्न आटोपून परतत होतो, पोटात कावळे ओरडत होते. ताई गाडीतून उतरल्या त्या थेट गल्ल्यापाशी. मालक गुजराती गृहस्थ, मराठी कामापुरतं बोलणारे. ताईंचं व्याकरण पूर्ण ऐकून घेऊन ते हात जोडून म्हणाले, ‘‘बेन, भजी गरम आहे ने? पछी अक्षर जरा थंडा असला तर काय बिघडते?’’ ताई म्हणाल्या, ‘‘अहो, अशी लिहिलेली भजी मला पचणार नाहीत.’’ आणि खरोखरच फळ्यावरची पहिली वेलांटी दुसरी आणि दुसरी पहिली होईपर्यंत त्यांनी आम्हा कुणाला बसू दिलं नाही. भजी निवली. मालकांनी मात्र नवा घाणा काढून दिला, आणि पुढं नवी पाटी रंगवायची झाली की ते ताईंची स्कूटर दिसेपर्यंत रंगाऱ्याला थांबवून ठेवू लागले.

पण ताईंचा खरा जीव अडकलेला ‘ळ’ या अक्षरात. ‘‘ळ हा मराठीचा दागिना आहे,’’ त्या म्हणत, ‘‘आणि आपल्याकडची माणसं तो घरी पेटीत ठेवून बाहेर पडतात.’’ यात खोटं काही नाही. आमच्या किनारपट्टीवर काय किंवा आतल्या पाड्यांवर काय, माणूस बेसावध बोलायला लागला की डोळ्याचा डोला होतो, शाळेची शाला होते. ताईंना पाहायला एक स्थळ आलं होतं म्हणतात. मुलगा बँकेत, दिसायला चांगला. अंगणातल्या केळीचे घड बघून बिचारा सासुरवाडीचं कौतुक करावं म्हणून म्हणाला, ‘‘केली छान आहेत हां.’’ ताईंनी चहाचा कप पुढं करता करता शांतपणे विचारलं, ‘‘कुणी केली?’’ त्या मुलाला प्रश्नच कळला नाही, आणि ते स्थळ तिथंच संपलं. नंतर आणखी आली असतील, नसतील. ताईंनी लग्न केलं नाही. याबद्दल घरात कुणी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

शाळेत तर त्यांनी ळची मोहीमच उघडली होती. सकाळी प्रार्थनेनंतर सगळ्या मुलांनी जीभ मागं वळवून ‘ळ ळ ळ’ म्हणायचं. बाजूच्या शेतात राबणारी माणसं हातातलं काम थांबवून ऐकत. त्यांना वाटे, शाळेत पाणकोंबड्या पाळल्या आहेत. या मोहिमेचा व्हायचा तो परिणाम झाला. मुलं बाईंना खूश ठेवायला दिसेल त्या लला ळ करू लागली. एक अख्खी पिढी ‘गुळाब’ आणि ‘बैळ’ म्हणत मोठी झाली. तलासरीच्या बाजारात एखादा पोरगा ‘‘मळा दोन किळो कांदे द्या’’ म्हणाला, की भाजीवाल्या एकमेकींकडं बघून म्हणत, ‘‘बाईंच्या शालंतला दिसतो.’’

अशा या ताईंच्या शाळेत एके दिवशी कम्प्युटर आले. पुण्याच्या एका संस्थेनं दिलेले, नवे कोरे, आणि त्यात मुलांना वाचायला शिकवणारा प्रोग्रॅम. पडद्यावर एक हिरवा पोपट. तो शब्द दाखवतो, म्हणून दाखवतो. मग मुलानं कानाला हेडफोन लावून तोच शब्द माइकमध्ये म्हणायचा. बरोबर आला तर पोपट पंख फडफडवतो, चुकला तर मान हलवून म्हणतो, ‘‘पुन्हा म्हण बरं!’’ आता ज्या बाईंच्या स्वयंपाकघरात मिक्सर लागला की त्या ओसरीवर जाऊन बसत, त्या हे यंत्र कपाटात घालून कुलूप लावतील अशी आम्हा सगळ्यांची खात्री. पण ताई म्हणाल्या, ‘‘नवीन शिक्षक रुजू झालेत. आधी त्यांची मराठी तपासायला हवी.’’ त्यांनी एक लॅपटॉप जुन्या नऊवारीत गुंडाळून, स्कूटरवर पोटाशी बांधून घरी आणला आणि रविवारभर ओसरीवर बसून पोपटाची तोंडी परीक्षा घेतली. संध्याकाळी संस्थेला लावलेल्या फोनवर त्यांचा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला. ‘‘अहो, तुमचा पोपट चाकाला चहातला च लावतो. असं चाक मराठीत फिरत नाही.’’ पलीकडं कोण होतं देव जाणे, पण पुढच्या महिन्यात पोपटाचा च सुधारला होता.

मग हळूहळू एक वेगळीच गंमत सुरू झाली. बाईंपुढं ओठ शिवून बसणारी मुलं पोपटापुढं घडाघडा बोलू लागली. पोपट ओरडत नाही, कान धरत नाही, आणि शंभरदा चुकलं तरी त्याच गोड आवाजात ‘‘पुन्हा म्हण बरं’’ म्हणतो. ताईंना आधी याचा राग आला. जेवताना त्या आमटी भातात कालवत म्हणाल्या, ‘‘इतकी वर्षं मी घसा कोरडा करते आहे, आणि ही कार्टी त्या हिरव्या पाखरापुढं वाचतात.’’ माझे यजमान म्हणाले, ‘‘ताई, तू जरा हिरवी साडी नेसून बघ.’’ त्यावर ताई हसल्या नाहीत. पण त्यांनी ते मनावर घेतलं असावं. कारण एकदा मी शाळेत झेंडावंदनाच्या दिवशी खाऊ घेऊन गेले, तर वीज गेलेली, पडदे काळे, मुलं हिरमुसलेली, आणि आमच्या ताई वर्गाच्या मधोमध दोन्ही कोपरं अंगाशी धरून पंखांसारखी हलवताहेत. एक मुलगा पुस्तकातलं वाक्य वाचत होता. वाक्य बरोबर आलं की ताई फडफडत होत्या, चुकलं की मान तिरकी करून अगदी पोपटाच्या सुरात म्हणत होत्या, ‘‘पुन्हा म्हण बरं!’’ मला दारात बघून त्यांनी पंख मिटले आणि करड्या आवाजात म्हणाल्या, ‘‘वहिनी, चपला बाहेर.’’

या सगळ्यात एक मुलगी होती, रमिला. तिचे आईबाप दिवाळी उरकली की वीटभट्टीवर कामाला जात आणि पोरीला बरोबर नेत. त्यामुळं पहिलीत काय, दुसरीत काय, तिची शाळा अर्धी विटांतच गेली. चौथीत आली तेव्हा तिला अक्षरं येत नव्हती आणि ती बोलतही नव्हती. ताईंनी तिच्या आईला गाठून, पदर धरून, पोरीला आजीपाशी ठेवायला लावलं, आणि तिची पोपटाशी गाठ घालून दिली. ती मुलगी मधल्या सुट्टीत जेवण संपवून सगळ्यांच्या आधी कम्प्युटरपाशी येऊन बसे. आधी अक्षरं, मग शब्द, मग एका पावसाळ्यानंतर गोष्टी. ताई घरी येऊन तिच्या प्रगतीच्या बातम्या अशा सांगत, की माझे यजमान विचारत, ‘‘रमिला म्हणजे आपल्या कुणाची कोण?’’ तोपर्यंत प्रोग्रॅममध्ये बरोबर-चूक ठरवायला मुलांच्या पाठीमागं बाई बसत आणि कळ दाबत. पोपट फक्त पंख हलवायचा धनी. रमिलाचे ळ चुकत, ताई टोकत, पण कळ मात्र हिरवी दाबत.

पुढच्या वर्षी नवा प्रोग्रॅम आला. आता पोपट स्वतःच ऐकणार आणि स्वतःच ठरवणार. मुलं किती वाचतात ते तोच सांगणार आणि त्यावरून त्यांचे गट पडणार. तपासणीच्या दिवशी तालुक्याचे साहेब आले होते, पालक व्हरांड्यात बसले होते. ताईंनी सगळ्यात आधी रमिलाला बसवलं, कारण दुकानदार चांगला माल पुढं मांडतो. पडद्यावर गोष्ट आली : ‘तळ्याच्या काठी एक बगळा होता. आभाळात काळे ढग आले.’ रमिलानं श्वास घेतला आणि न अडखळता, गोष्ट सांगावी तसं वाचलं, ‘‘तल्याच्या काठी एक बगला होता. आभालात काले ढग आले.’’ पोपटानं मान हलवली. ‘‘पुन्हा म्हण बरं!’’ तिनं पुन्हा वाचलं. पोपटानं पुन्हा मान हलवली. मुलगी घामाघूम झाली, आवाज बारीक होत गेला, आणि शेवटी पडद्यावर लाल अक्षरं आली : ‘गट पहिला. अक्षरओळख आवश्यक.’ तिच्यामागून बसलेल्या बहुतेक मुलांचं तेच झालं. साहेब बिचारे भले गृहस्थ. ते म्हणाले, ‘‘बाई, मशीन काय, जे ऐकतं ते सांगतं.’’ रमिलानं हेडफोन काढून, त्याची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

तो आठवडा ताईंनी घरात कुणालाच टोकलं नाही. माझे यजमान मुद्दाम त्यांच्यासमोर चुकीचं बोलून बघत होते, तरी नाही. शेवटी शनिवारी दुपारी त्या मला म्हणाल्या, ‘‘वहिनी, चला माझ्याबरोबर.’’ मी स्कूटरवर मागं बसले. रमिलाचं घर पाड्याच्या टोकाला, कुडाच्या भिंती, दारात नाचणी वाळत घातलेली. आई भट्टीवरून चार दिवसांसाठी आली होती. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि उभ्याउभ्याच विचारलं, ‘‘बाई, एक सांगा. माझ्या पोरीला वाचता येतं का नाय? यंत्राचं नका सांगू, तुमचं सांगा. येत नसल तर मी तिला संगं नेते.’’

ताई रमिलासमोर जमिनीवर बसल्या. ती कुडाला टेकून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. ‘‘रमिला, त्या बगळ्याचं पुढं काय झालं गं?’’

अंगठा मातीत तसाच ठेवून ती म्हणाली, ‘‘ढग बघून त्याला वाटलं पानी येल, तल्यात मासं येतील. तो एका पायावर थांबला. पन वारा आला न् ढग गेलं.’’ तिनं वर बघितलं. ‘‘बाई, ती गोष्ट खोटी हाय. बगला असा थांबत नाय. तो दुसऱ्या तल्यावर जातो.’’

ताई एकदम हसल्या. मग पदरानं चष्मा पुसायला लागल्या आणि पुसतच राहिल्या. ‘‘हिला वाचता येतं,’’ त्या रमिलाच्या आईला म्हणाल्या. ‘‘नुसतं वाचता येत नाही, वाचलेल्याशी भांडताही येतं. तिला नेऊ नका. ऐकता येत नाही ते त्या पोपटाला. आणि,’’ चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत त्या म्हणाल्या, ‘‘मलाही कमीच येत होतं.’’

सोमवारी सकाळी रमिला शाळेत आली, आणि दहाच्या ठोक्याला ताईंनी पुण्याला फोन लावला. प्रोग्रॅम करणारा मुलगा तरुण होता, आवाजावरून सालस. त्यानं कबूल केलं, की पोपटाला ऐकायला शिकवलं ते शहरातल्या मुलांचे आवाज ऐकवून. इकडच्या मुलांचा आवाज त्याच्या कानावर कधी पडलाच नाही. ‘‘मॅडम, तुमच्याकडच्या खूप मुलांचं वाचन रेकॉर्ड करायला लागेल. त्यांच्या नेहमीच्या बोलण्यात.’’ ताई म्हणाल्या, ‘‘मग ये की. तू पोपटाचा कान घेऊन ये, मी तोंडं आणते.’’

रेकॉर्डिंग झालं ते आमच्या चिकू भरायच्या गोदामात. शाळेवर पत्रा, त्यावर माकडं. तिथं पोपट बहिरा झाला असता. आम्ही गोदामात घरातल्या सगळ्या गाद्या आणि गोधड्या टांगल्या. यजमानांना विहिरीचा पंप बंद ठेवायचा हुकूम झाला. पाड्यापाड्यांतून आईबापांना विचारून, त्यांचा होकार घेऊन, टेम्पोतून मुलं यायची, आणि मी त्यांच्यासाठी पातेलीभर वरणभात नि चिकूच्या फोडी करून ठेवायची. तेव्हा मी जे बघितलं ते या घरात पुन्हा कुणाला बघायला मिळणार नाही. आमच्या ताई मुलांना विनवत होत्या, ‘‘अगं, नीट म्हणू नकोस! घरी म्हणतेस तसं म्हण!’’ आणि मुलं, बाईंच्या हाताखाली तयार झालेली, माइक दिसताच पाठ ताठ करून जीभ मागं वळवत होती. ‘‘बाई, तुम्हीच सांगितलं ना ळ म्हनायचा!’’ एका मुलीनं तर गुलाबाचा असा काही गुळाब केला, की पुण्याचा तो मुलगा हेडफोन काढून गोधडीमागं जाऊन हसून आला. मग मुलं सैल झाली, खरी बोलायला लागली. शाला, डोला, पानी, फला असे शब्द एकामागून एक यायला लागले, आणि दर शब्दाला ताई कडू काढा घेतल्यासारखे डोळे मिटायच्या, पदराचं टोक दातांत धरायच्या. पण मान मात्र हलवायच्या, होकारार्थी. जन्मभर गाळलेलं पाणी पिणाऱ्या माणसानं कुणासाठी तरी ओढ्याला तोंड लावावं, तसं ते होतं. मला त्यांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

चित्रांवरून शब्द सांगायच्या पाठातही भांडण निघालं. पडद्यावर खेकडा यायचा आणि मुलं एका सुरात ओरडायची, ‘‘चिंबोरी!’’ पोपट नापास करायचा. पुण्याचा मुलगा अदबीनं म्हणाला, ‘‘मॅडम, प्रमाण शब्द तर खेकडाच ना?’’ आता प्रमाण हा शब्द ताईंच्या घरचा. मला वाटलं, इथं गाडी अडणार. ताई थोडा वेळ चित्राकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘असं कर. चिंबोरीला खेकडा म्हणतात हे माझी मुलं शिकतील. खेकड्याला चिंबोरी म्हणतात हे तुझा पोपट शिकेल. फिट्टंफाट.’’ त्यानं लगेच ते टिपून घेतलं. दुपारी मी चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग त्यानं शंका काढायच्या बंदच केल्या.

सुधारलेला पोपट आला तेव्हा पुन्हा साहेब आले, पुन्हा पालक व्हरांड्यात बसले. या वेळी मीही त्यांच्यात होते. रमिलाची आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ताईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि स्वागताच्या फळ्यावरची एक उघड चूक त्यांच्या नजरेतून सुटली होती. त्यावरून त्यांची अवस्था मला कळली. रमिलानं हेडफोन लावले. गोष्ट तीच. ‘‘तल्याच्या काठी एक बगला होता.’’ पोपटानं मान तिरकी केली, क्षणभर ऐकल्यासारखं केलं, आणि पंख फडफडवले. ती वाचत गेली, तो फडफडत गेला. वाचून संपलं तेव्हा पडद्यावर हिरवं झाड आलं आणि झाडावर सगळ्यात वरच्या फांदीवर पोपट बसला, म्हणजे सगळ्यात वरचा गट. रमिलाची आई चौकटीवरून हात फिरवत राहिली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

पण रमिला उठली नाही. तिनं ताईंकडं वळून बघितलं, ओठ ओले केले, आणि पडद्याकडं न बघता सावकाश म्हणाली, ‘‘तळ्याच्या काठी एक बगळा होता. आभाळात काळे ढग आले.’’ एकेक ळ असा, की दागिन्याच्या पेटीतून काढून ठेवावा. मग ती हसली. ‘‘बाई, असं पन येतं मला. हे तुमच्यासाठी.’’

ताईंनी तिच्याजवळ जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना काहीतरी मोठं बोलायचं होतं. पण बाहेर पडलं ते एवढंच, ‘‘वायर नीट गुंडाळून ठेव.’’ आणि त्या तडक बाहेर जाऊन फळ्यावरची चूक पुसायला लागल्या. पाठमोऱ्या होत्या, पण खांद्यांवरून मला सगळं दिसत होतं.

आता तो पोपट दोन्ही तालुक्यांतल्या बऱ्याच शाळांत बसतो, चिंबोरी आणि खेकडा दोन्हीला पंख हलवतो, आणि रमिला डहाणूच्या वसतिगृहात राहून पुढं शिकते आहे. ताई निवृत्त झाल्या. सत्काराला त्यांनी मोठं भाषण केलं नाही. आभार मानले आणि निमंत्रणातल्या दोन चुका सांगून खाली बसल्या. परवा पुण्याहून त्या मुलाचा फोन आला. पोपटाच्या गोष्टी आता या भागातल्या बायकांच्या तोंडून, घरच्या बोलीत घ्यायच्या आहेत, तर ताईंनी लहानपणी त्यांच्या आईकडून ऐकलेली एखादी सांगावी. ताईंना फार आनंद झाला. दुपारभर त्या वाडीत फिरून गोष्ट आठवत होत्या. संध्याकाळी ओसरीवर फोन समोर ठेवून त्यांनी सुरुवात केली, ‘‘एका गावात एक म्हातारी राहत होती…’’ आणि थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबल्या. दर वेळी वाक्य बाहेर यायचं ते छापील, शुद्ध, एकही काना न चुकलेलं. फोन बंद करून त्या माझ्याकडं वळल्या आणि लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाल्या, ‘‘वहिनी, आई कशी हो बोलायची? मला आठवतच नाही. मी सगळं पुसून टाकलं.’’

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांच्या हाताखाली नांदले. त्या दिवेलागणीला मागच्या दारात उभ्या राहून शाळेच्या वह्यांत बुडालेल्या लेकीला हाक मारत, ती माझ्या कानात अजून आहे. मी ती हाक मारून दाखवली, मला जमेल तशी. ‘‘चल गो बाय, जेवाला ये. जेवान निवला.’’

ताई ऐकत राहिल्या. समुद्राकडून वारा येत होता, वाडीत वटवाघळं उतरायला लागली होती. त्यांनी डोळे मिटून ती हाक हलक्या आवाजात म्हणून बघितली, एकदा, मग पुन्हा एकदा. मग मला विचारलं, ‘‘बरोबर आली का?’’

मी म्हटलं, ‘‘आली.’’ आणि पानं वाढायला आत गेले.